टर्बो किंवा सुपरचार्जरसाठी फ्युएल सिस्टम वाढवताना: हिशोब, क्रम आणि नेहमीच्या चुका

बहुतेक जण सुरुवात इंजेक्टरपासून करतात. मोठे इंजेक्टर आणतात, बसवतात, गाडी ट्यूनरकडे नेतात, आणि ५,००० आरपीएमच्या पुढे मिश्रण लीन होत जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मग आणखी मोठे इंजेक्टर येतात. दोष मात्र टाकीतल्या पंपात, त्याच्या बारीक वायरमध्ये नाहीतर पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरच्या निसटलेल्या नळीत असतो.

बूस्टमध्ये (टर्बो किंवा सुपरचार्जर हवा दाबून भरत असताना) पेट्रोल पुरतंय की नाही, याचा निकाल एकाच आकड्यावर लागतो: रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब वजा इनटेक मॅनिफोल्डमधला दाब. या लेखात त्याला ‘फरकाचा दाब’ म्हटलं आहे. पूर्ण थ्रॉटल, पूर्ण बूस्ट आणि कटऑफपर्यंत (इंजिनच्या कमाल आरपीएमपर्यंत) हा आकडा जागेवर राहिला तर सिस्टम पुरेशी आहे. घसरला तर ती अपुरी आहे, मग पंपाच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

खालची माहिती पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (थेट सिलिंडरमध्ये फवारणी) कॅमवर चालणारा पंप १५० ते ३५० बार दाब तयार करतो. ती बाजू स्वतः उघडायची नाही. अशा गाड्यांना इथलं टाकी ते इंजिन एवढंच लागू पडतं.

टप्पा १: आधी हिशोब, मग खरेदी

क्रँकवर किती हॉर्सपॉवर हवेत ते ठरवा. टर्बो इंजिन पूर्ण लोडवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल घेतं. बेल्टवरच्या सुपरचार्जरसाठी थोडं जास्त धरा, कारण तो फिरवायची ताकदही त्याच पेट्रोलातून येते.

चार सिलिंडर आणि ३०० हॉर्सपॉवरचं उदाहरण घेऊ:

१. ३०० × २७० म्हणजे तासाला ८१ किलो, मिनिटाला १,३५० ग्रॅम.
२. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर मिनिटाला सुमारे १,८२५ सीसी.
३. चार इंजेक्टरमध्ये वाटले तर प्रत्येकी ४५६ सीसी.
४. इंजेक्टर ८० टक्के ड्युटीच्या वर, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा, चालवायचा नाही. म्हणून ४५६ ÷ ०.८, म्हणजे ५७० सीसी.

इंजेक्टरवरचा आकडा कोणत्या दाबावर मोजला आहे ते डेटाशीटमध्ये पाहा. बहुधा तो ३ बारचा असतो. दाब वाढवला की प्रवाह वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारला ५५० सीसी देणारा इंजेक्टर ४ बारला सुमारे ६३५ सीसी देतो. हा स्वस्तातला उपाय वाटतो, पण त्याची किंमत पंप मोजतो: दाब चढला की पंपाचा प्रवाह उतरतो.

पंपाचा हिशोब वेगळा करा. मिनिटाला १,८२५ सीसी म्हणजे तासाला ११० लिटर. त्यावर २५ टक्के राखीव धरले की १३७ लिटर. हे १३७ लिटर *शेवटच्या* दाबावर मिळायला हवेत. बेस प्रेशर (रेग्युलेटरची मॅनिफोल्डकडची नळी काढल्यावरचा रेलचा दाब) ३ बार आणि बूस्ट १ बार असेल तर पंपाला ४ बारविरुद्ध ढकलायचं असतं. ‘२५५ लिटर’ म्हणून विकला जाणारा पंप हा आकडा सहसा ३ बारच्या आसपास आणि १३.५ व्होल्टला देतो. त्याचा दाब-प्रवाह-व्होल्टेजचा तक्ता मिळत नसेल तर तो पंप घेऊ नका.

पेट्रोलात इथेनॉल असेल तर आकडे चढे धरा. ई२० ला साध्या पेट्रोलपेक्षा ८-९ टक्के जास्त लागतं, ई८५ ला ३५ ते ४० टक्के.

*इशारा:* ‘पुढेमागे लागतील’ म्हणून गरजेच्या दुप्पट इंजेक्टर घेऊ नका. आयडलला पल्स इतकी छोटी होते की इंजेक्टर उघडतो न उघडतो तोच बंद होतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल जातं आणि गाडी सिग्नलला थरथरते.

*खरेदीआधी तपासा:* इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम असेल तर बहुतेक ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) तो थेट चालवतात. २-३ ओहमचे इंजेक्टर त्यांच्यासाठीच्या ड्रायव्हर सर्किटशिवाय किंवा रेझिस्टर बॉक्सशिवाय जोडले तर ईसीयूचं ड्रायव्हर सर्किट जळतं. लांबी, ओ-रिंगचा व्यास (११ की १४ मिमी) आणि कनेक्टरचा प्रकारही जुळवून घ्या.

टप्पा २: जुनी सिस्टम मोजा, मग दाब सोडा

काहीही उघडण्याआधी तीन आकडे लिहून ठेवा: आयडलला रेलचा दाब, पंपाच्या कनेक्टरवर इंजिन चालू असताना मिळणारं व्होल्टेज, आणि त्याच वेळी बॅटरीचं व्होल्टेज. नंतर काही बिघडलं तर तुलना करायला हेच हाताशी असतात.

गाडीत रेग्युलेटर कुठे आहे तेही आत्ताच बघा. रेलवर रेग्युलेटर आणि टाकीकडे परतीचा पाइप असेल तर काम सोपं आहे. परतीचा पाइप नसलेल्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि दाब वातावरणाच्या तुलनेत ठरलेला असतो. असा ४ बारचा सेटअप १ बार बूस्टला फरकाचा दाब ३ बारवर आणतो. इंजेक्टरचा प्रवाह १३ टक्क्यांनी घटतो, तेही नेमका सगळ्यात जास्त गरजेच्या वेळी. ईसीयू हा फरक हिशोबात धरत असेल तर मोठे इंजेक्टर घेऊन निभतं. नसेल तर परतीचा पाइप टाका.

आता दाब सोडायचा:

१. टाकी पाव किंवा त्याहून कमी ठेवा.
२. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी लावा. *सर्व्हिसच्या खड्ड्यावर हे काम करू नका.* पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साचते.
३. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून बंद पडू द्या, मग दोन-तीनदा सेल्फ मारा.
४. टाकीचं झाकण उघडून आतला दाब घालवा.
५. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.
६. पहिला जोड सोडताना त्यावर जाड फडकं गुंडाळा. थोडं पेट्रोल येतंच.

अग्निशामक हाताच्या अंतरावर असू द्या. उजेडासाठी बंद आवरणाचा एलईडी दिवा घ्या. काचेचा बल्ब फुटला की ठिणगी पडते. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवाच.

टप्पा ३: टाकीतला पंप

झाकणाभोवतीची धूळ आधी हवेने आणि ब्रशने साफ करा. रिंग उघडल्यावर जी माती आत पडेल ती पुढे जाळीत अडकते. रिंग फिरवायला पितळी किंवा लाकडी ठोकणी वापरा, लोखंडी छिन्नी नाही. हँगर (पंप धरणारा सांगाडा) कोणत्या दिशेने बसलाय त्याची खूण करून ठेवा, नाहीतर बसवताना पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट टाकीच्या भिंतीला अडतो.

पंप बदलताना चुकतं ते बहुधा या ठिकाणी:

- *होज.* टाकीच्या आत बुडून राहणारी होज एसएई जे३०आर१० दर्जाचीच हवी. बाहेर वापरायची इंजेक्शन होज (जे३०आर९) फक्त आतून पेट्रोल सहन करते. बुडवली की बाहेरचं आवरण फुगतं, मऊ पडतं आणि काही आठवड्यांत फाटते. मग गाडी चालते, पण दाब आतल्या आत टाकीतच गळतो. बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून हा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.
- *क्लिप.* इंजेक्शनसाठीच्या, गोल कडांच्या क्लिप वापरा. भोकं पाडलेल्या पट्टीची साधी क्लिप होजला कापते.
- *जाळी.* ती टाकीच्या तळाला टेकली पाहिजे. नवा पंप जुन्यापेक्षा आखूड असला की जाळी वर राहते आणि पाव टाकीवर वळणात पंप हवा ओढतो.
- *जेट पंप.* दोन कप्प्यांच्या टाकीत एका बाजूचं पेट्रोल दुसरीकडे ओढणारी बारीक नळी असते. ती परत जोडायची राहिली की अर्धी टाकी भरलेली असून गाडी बंद पडते.

हँगरच्या झाकणातून जाणाऱ्या पिना मूळ पंपाच्या करंटसाठी असतात. मोठा पंप १० ते १५ अँपियर, कधी त्याहून जास्त घेतो. पीन तापते आणि भोवतीचं प्लास्टिक वितळतं. पंप मोठा असेल तर झाकणात जाड पिनांचा पेट्रोलरोधक कनेक्टर बसवा. टाकीच्या आत पेट्रोल सहन करणाऱ्या आवरणाच्या वायर आणि क्रिंपचे जोड वापरा. तिथे इन्सुलेशन टेप टिकत नाही. डिंक विरघळून जाळीवर बसतो.

झाकणाची रबर रिंग नवीनच घ्या. जुनी एकदा फुगली की खाचेत परत बसत नाही.

टप्पा ४: वायरिंग

या टप्प्याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. पंपाचा वेग व्होल्टेजवर अवलंबून असतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपावर ११.८ असतील, तर विकत घेतलेल्या पंपाचा बराचसा प्रवाह वायरमध्येच हरवतो.

१. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंपापर्यंत ४ चौ. मिमी वायर टाका. करंट १५ अँपियरच्या वर जात असेल तर ६ चौ. मिमी.
२. बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवा. फ्यूज पंपाजवळ लावला तर मधली सगळी वायर असुरक्षित राहते. ती पत्र्याला घासली की आग.
३. ४० अँपियरचा रिले पंपाजवळ बसवा. ३० नंबरच्या पिनेला बॅटरी, ८७ ला पंप, ८५ ला अर्थ, आणि ८६ ला *गाडीची मूळ पंपाची वायर*.
४. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. बॉडीवर जिथे जोडाल तिथला रंग खरवडून काढा आणि जोडल्यावर गंज लागू नये म्हणून वर लेप द्या.
५. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला.

*इशारा:* ८६ नंबरची पीन इग्निशनच्या कायम चालू वायरला जोडू नका. मूळ वायर ईसीयू नियंत्रित करतो. इंजिन थांबलं की तो पंप बंद करतो. अपघातात पाइप फुटला तर हीच गोष्ट जीव वाचवते.

पंपाचा वेग मॉड्यूलने कमी-जास्त करणाऱ्या गाड्यांत मूळ वायरवर सलग १२ व्होल्ट नसतात, स्पंदनं असतात. त्यावर साधा रिले टकटकत राहतो आणि जळतो. तिथे जास्त करंटचं मॉड्यूल किंवा ईसीयूचं वेगळं आउटपुट वापरा.

*तपासा:* पंप चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड शोधा. अर्थच्या बाजूने हेच परत करा. ही बाजू मोजायची हटकून राहते.

टप्पा ५: पाइप, फिल्टर, रेग्युलेटर

क्रम असा: टाकी, पंप, फिल्टर, रेल, रेग्युलेटर, परतीचा पाइप, टाकी. रेग्युलेटर रेलच्या *नंतर* येतो. परतीचं पेट्रोल टाकीत पातळीच्या खाली किंवा पंपाच्या भांड्यात सोडा. वरून पडलं तर फेस होतो आणि पंप तो फेस ओढतो.

३०० हॉर्सपॉवरला एएन-६ मापाचा पाइप पुरतो (एएन ही पाइप-फिटिंगची मापपद्धत आहे). फिल्टर पंपानंतर १० मायक्रॉनचा. इथेनॉल जास्त असेल तर कागदी फिल्टर टाळा आणि पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराची होज घ्या.

एएन फिटिंगच्या तिरक्या तोंडावर टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे धातू धातूवर बसून सील होतं; टेपची चिंधी सुटली की सरळ इंजेक्टरमध्ये जाते. होज कापल्यावर आत रबराचे आणि जाळीचे तुकडे राहतात, म्हणून रेल जोडण्याआधी पाइपचं टोक धातूच्या भांड्यात सोडून लिटरभर पेट्रोल वाहू द्या. भांड्याच्या तळाशी काय जमतं ते बघितलं की ही पायरी पुन्हा कधी गाळली जात नाही.

रेग्युलेटर १:१ प्रकारचा हवा, म्हणजे १ बार बूस्टला रेलचा दाबही १ बारने वाढतो. त्याची व्हॅक्यूम नळी थ्रॉटलनंतर, थेट मॅनिफोल्डवरच्या स्वतंत्र तोंडाला जोडा. ब्लो-ऑफ व्हॉल्व किंवा बूस्ट गेजच्या नळीत टी टाकून जोडली तर दाब उशिरा पोचतो. दोन्ही टोकांना क्लिप लावा. बूस्टमध्ये ही नळी उडाली की रेल बेस प्रेशरवर अडकतो, मिश्रण लीन होतं आणि नॉकिंगने (मिश्रण आपोआप भडकण्याने) पिस्टनच्या रिंगांमधली धातूची कडा तुटते. चार सेकंदांचं काम.

प्रेशर गेज गाडीच्या आत हवं असेल तर इलेक्ट्रिक सेन्सर वापरा. पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये आणायचा नाही.

टप्पा ६: इंजेक्टर

मॅनिफोल्डमधली इंजेक्टरची भोकं उघडण्याआधी भोवती हवा मारा. ओ-रिंग नव्या घ्या आणि त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात लावा. कोरडी ओ-रिंग वळते, चिरते आणि पहिल्याच दाबाला गळते. सिलिकॉन ग्रीस नको, त्याने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. रेल बोल्टने ओढून बसवू नका. हाताने दाबून पूर्ण बसल्यावरच बोल्ट आवळा. प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोडा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तो तिरका बसलाय.

टप्पा ७: इंजिन चालू न करता दाब द्या

बॅटरी जोडा, पंप दोन-दोन सेकंद तीन-चार वेळा चालवा. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. बारीक ओल डोळ्याला दिसत नाही, कागदावर दिसते. गळती असेल तर इथेच थांबा.

मग रेग्युलेटरच्या स्क्रूने बेस प्रेशर ३ बारला लावा आणि लॉकनट आवळा. स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब ३.५ च्या खाली येत नसेल तर परतीचा पाइप लहान पडतोय. तो मोठा करा. रेग्युलेटर बदलून उपयोग नाही.

आता दोन परीक्षा. घाईत या गाळतात, आणि नेमक्या याच महत्त्वाच्या.

*पहिली:* रेग्युलेटरच्या नळीला हातपंपाने १ बार हवा द्या. रेल ३ वरून ४ वर गेला पाहिजे आणि तिथे टिकला पाहिजे. टिकत नसेल तर डायफ्राम फाटलाय किंवा पंप कमी पडतोय.

*दुसरी:* हाच १ बार कायम ठेवून परतीचा पाइप मापाच्या धातूच्या भांड्यात सोडा आणि पंप ३० सेकंद चालवा. बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज १३.५ च्या आसपास ठेवा. चार्जर आधीच जोडून घ्या आणि तो भांड्यापासून लांब असू द्या. आपल्या उदाहरणात तासाला १३७ लिटर हवेत, म्हणजे ३० सेकंदांत १,१४० मिली. भांड्यात ९०० मिलीच आलं तर ट्यूनिंगला जाऊ नका. आधी व्होल्टेज, मग फिल्टर, मग टाकीतली होज, आणि शेवटी पंप तपासा.

टप्पा ८: ईसीयू

नवे इंजेक्टर बसवून जुन्या मॅपवर (ईसीयूतल्या आकड्यांच्या तक्त्यांवर) गाडी चालवत ट्यूनरकडे नेऊ नका, टो करा. मॅपमध्ये आधी इंजेक्टरचा प्रवाह (तुमच्या फरकाच्या दाबाचा) आणि व्होल्टेजनुसार डेड टाइम भरा. डेड टाइम म्हणजे इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ; तो १४ व्होल्टला साधारण १ मिलिसेकंद असतो आणि व्होल्टेज घसरलं की वाढतो. हा तक्ता चुकला तर दिवसा नीट चालणारी गाडी रात्री हेडलाइट आणि एसी लावल्यावर आयडलला लीन होते.

एअरफ्लो सेन्सरचा आकडा खोटा करून मोठे इंजेक्टर जुळवण्याची युक्ती अजून चालते. ती करू नका. ईसीयूला हवा कमी दिसली की तो लोड कमी समजतो आणि स्पार्क पुढे सरकवतो. बूस्टमध्ये त्याचा अर्थ नॉकिंग. प्रेशर सेन्सरवाल्या गाडीत मूळ सेन्सर बूस्ट वाचतो का तेही पाहा. वातावरणाच्या दाबाशीच थांबणारा असेल तर २ किंवा ३ बारचा लावा.

इंजिन चालू झाल्यावर, व्हॅक्यूम नळी जोडलेली असताना, आयडलला रेल साधारण २.४ बार दाखवतो. नळी काढून तोंड बंद केलं की ३. नळी काढल्यावर तिच्यातून पेट्रोलचा थेंब आला तर रेग्युलेटर बाद.

टप्पा ९: बूस्ट पायरीपायरीने

मिश्रण नेमकं मोजणाऱ्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरशिवाय इथे पोचायचंच नाही. शक्यतो डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), वेस्टगेटच्या (टर्बोचा बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगच्या किमान बूस्टपासून सुरुवात करा. लॉगमध्ये आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, रेलचा दाब, लॅम्डा, इंजेक्टर ड्युटी, बॅटरी व्होल्टेज आणि नॉक घ्या. बूस्टमध्ये लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७८ ते ०.८२ ठेवा. फरकाचा दाब ०.२ बारपेक्षा जास्त घसरला की पाय काढा आणि लॉग वाचा:

- आरपीएमबरोबर हळूहळू घसरतोय: पंप, व्होल्टेज किंवा फिल्टर.
- बूस्ट वाढला तरी रेल ३ बारवरच: रेग्युलेटरची नळी सुटली किंवा चिरली.
- फक्त वळणात किंवा कमी टाकीवर झटके: जाळीची जागा, जेट पंप.
- अर्ध्या तासाने, गरम झाल्यावरच घसरतो: परतीचं तापलेलं पेट्रोल, एक्झॉस्टजवळून गेलेला पाइप, किंवा तापणारा जोड.
- फरकाचा दाब स्थिर, तरी लीन: ड्युटी ९० टक्क्यांच्या वर गेली आहे, किंवा इंजेक्टरचा डेटा चुकीचा आहे.

ईसीयूमध्ये सोय असेल तर रेलचा दाब किंवा लॅम्डा मर्यादेबाहेर गेल्यावर बूस्ट तोडणारी सुरक्षा चालू करा. ती नसेल तर बूस्ट एक पायरी खालीच ठेवलेला बरा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गार इंजिनवर सगळे जोड पुन्हा कागदाने तपासा आणि फिल्टर उघडा. त्यात काळे रबरी कण दिसले तर एखादी होज आतून सुटतेय. टाकीतल्या होजपासून शोध सुरू करा.